आधी लंगोट मोजा, मग पावडरचं ठरवा

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मुलगी, जन्माचं वजन २९०० ग्रॅम. आज चौथा दिवस, वजन २७००. बाळ दहा मिनिटं ओढतं, झोपतं आणि खाली ठेवलं की रडतं. पंप लावून वीस मिनिटांत जेमतेम ५ मिली निघालं. काल रात्री सासूबाईंनी बाटलीतून ३० मिली पावडरचं दूध दिलं, त्यावर बाळ चार तास झोपलं, आणि घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की आईचं दूध पुरत नाही. उजव्या स्तनाच्या बोंडाला चीर पडली आहे. उद्या घरी सोडणार आहेत. तुमचा प्रश्न असा की दूध खरंच कमी आहे का आणि पावडर चालू ठेवायची का.

प्रसूती विभागात परिचारिका म्हणून आणि नंतर स्तनपान सल्लागार म्हणून काम करताना हाच प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येतो. दूध आहे की नाही यापेक्षा बाळ ते नीट काढून घेतंय की नाही, हा खरा प्रश्न असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे वेगळं करून बघू.

दूध कमी असल्याच्या तुम्ही चार खुणा दिल्या आहेत: बाळ रडतं, छाती मऊच लागते, पंपात काही येत नाही, पावडरवर झोपलं. यातल्या एकाही खुणेने दूध मोजता येत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जे येतं ते चीक दूध. ते घट्ट, पिवळसर आणि थोडंच असतं. पहिल्या दिवशी एका वेळेला २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिली, साधारण एवढंच बाळाला मिळतं आणि पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला तेवढं पुरतं. छाती जड होते ती त्यानंतर. वार बाहेर पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि त्यामुळे भरपूर दूध तयार व्हायला सुरुवात होते. पण याला दोन ते तीन दिवस लागतात. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, कळा फार लांबल्या असतील, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा मधुमेह असेल तर आणखी एखाद-दोन दिवस. तुमच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी आहेतच. त्यामुळे चौथ्या दिवशी सकाळी छाती मऊ असणं काही जगावेगळं नाही.

पंपाचं म्हणाल तर चीक दूध इतकं चिकट असतं की ते पंपाच्या नळीला आणि बाटलीच्या कडांना चिकटून राहतं. या दिवसांत हाताने पिळून जास्त निघतं. पंपात ५ मिली आलं म्हणजे छातीत ५ मिलीच होतं असं मुळीच नाही.

आणि पावडरवरची झोप. घरच्यांना सगळ्यांत जास्त पटते ती हीच गोष्ट. बाटलीतून दूध आपसूक तोंडात येतं. बाळाला चोखण्याची उपजत ओढ असते, त्यामुळे भूक संपली तरी ते गिळत राहतं. एकदम ३० मिली पोटात गेलं, तेही पचायला जास्त वेळ घेणारं, की ते गाढ झोपणारच. त्यावरून पोट भरलं एवढंच कळतं. आईकडे दूध नव्हतं हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग बघायचं काय? लंगोट. वहीत किंवा मोबाईलमध्ये दर चोवीस तासांची शू आणि शी लिहून ठेवा. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त वेळा. शी आधी काळी आणि डांबरासारखी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते. तुम्ही लिहिलंय की कालपासून चार वेळा शू झाली आणि शी हिरवट होऊ लागली आहे. हे वयाला धरून आहे. शेवटचं बारीक काम म्हणजे लंगोट उजेडात नीट बघा. विटकरी, भुकटीसारखा डाग दिसतोय का? पहिल्या दोन-तीन दिवसांत तो दिसला तर घाबरू नका, पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही येत राहिला तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजायचं. आजकाल डायपर लावल्याने हे सगळं लपतं. पहिला आठवडा तरी सुती लंगोट वापरा असं मी हट्टाने सांगते. दिवसभर धुणं पडेल, पण शू किती झाली ते कळेल.

वजनाचं गणितही मांडू. २९०० वरून २७०० म्हणजे सुमारे ७ टक्के घट. पहिल्या काही दिवसांत ७ टक्क्यांपर्यंतची घट आम्ही नेहमीची धरतो. ७ ते १० च्या मध्ये असेल तर पाजणं कसं चाललंय ते नीट तपासतो. १० च्या पुढे गेली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. सिझेरियनच्या वेळी आईला सलाईन खूप दिलेलं असेल तर बाळाच्या अंगातही थोडं जास्तीचं पाणी येतं आणि जन्माचं वजन थोडं फुगलेलं दिसतं. तुमची मुलगी ७ च्या काठावर आहे. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून आज घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण स्वस्थ बसण्यासारखंही नाही, कारण उजवीकडची ती चीर मला सारखी खटकते आहे.

चीर पडली म्हणजे पकड चुकते आहे. पाजताना पहिले काही क्षण थोडं टोचतं, ते चालतं. पूर्ण वेळ कळ येणं आणि कातडी फाटणं हे 'सुरुवातीला होतंच' म्हणून सोडून द्यायचं नसतं. बाळाने तोंड सोडल्यावर लगेच बोंडाकडे बघा. ते गोल असायला हवं. चपटं, तिरकं किंवा टोकाला पांढरं पडलेलं दिसलं तर बाळ फक्त बोंड चावतंय. अशा पकडीत आईला दुखतं आणि बाळाला दूधही कमी मिळतं, म्हणून ते दमून दहा मिनिटांत झोपतं आणि खाली ठेवलं की भुकेने रडतं. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

आता पकड कशी बसवायची ते. टाके दुखत असताना मांडी घालून बसू नका. दोन प्रकार तुम्हाला सोपे जातील. एक, कुशीवर झोपून, बाळ पोटाशी पोट लावून समोर, पाठीमागे उशीचा आधार. दुसरा, बगलेतला: बसून, शेजारी उशी ठेवायची, बाळाचं अंग तुमच्या काखेखालून मागे जाईल आणि डोकं तुमच्या तळहातावर. यात पोटावर भार येत नाही आणि बाळाचं तोंड तुम्हाला समोर दिसतं. कुठल्याही प्रकारात बाळाचं कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवं. मान वळवून पाणी पिऊन बघा, गिळायला किती त्रास होतो ते लगेच कळेल.

मग बोंड बाळाच्या नाकासमोर आणा, ओठांसमोर नाही. बोंड वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. या थांबण्यातच सगळं आहे. बाळ आधी तोंड अर्धवट उघडेल, तेव्हा घाई करू नका. जांभई दिल्यासारखा मोठा 'आ' झाला की त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे न्यायला वाकू नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट बसलं की हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसेल. गालाला खळ्या पडत असतील किंवा टचटच आवाज येत असेल तर पकड सुटली आहे. ओढून काढू नका, त्याने चीर वाढते. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, हवा गेली की ते सोडतं. पुन्हा लावा. पाच वेळा लावावं लागलं तरी लावा.

दूध जातंय की नाही हे हनुवटीवरून कळतं. नुसतं चोखताना हनुवटी भरभर आणि वरवर हलते. गिळताना ती खाली जाते, क्षणभर थांबते आणि 'क्' असा हलका आवाज येतो. चीक दुधाच्या दिवसांत पाच-सहा वेळा ओढल्यावर एकदा गिळणं होतं. दूध भरून आलं की दर एक-दोन ओढींना. गिळणं थांबून नुसतं चोखणं सुरू झालं की छाती हाताने मुठीत धरून हळूच दाबा आणि दाबलेली ठेवा. बाळ पुन्हा गिळायला लागतं. दाबूनही गिळत नसेल तर दुसरी बाजू. पेंगुळलं असेल तर दुपटं काढा, तळपाय चोळा, नुसत्या लंगोटावर तुमच्या उघड्या छातीवर घ्या आणि वरून दोघींवर पांघरूण घाला. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं झालं पाहिजे. या दिवसांत बाळ उठायची वाट बघत तीन तासांपेक्षा जास्त थांबू नका, रात्रीही नाही. रात्री प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाची, पातळी जास्त असते, म्हणून रात्रीचं पाजणं दूध वाढवायला फार उपयोगी पडतं. नेमकी तीच वेळ आपण 'आईला झोपू दे' म्हणून बाटलीला देतो. हेतू प्रेमाचाच असतो, पण चार तास छातीतून काहीच निघालं नाही की शरीराला वाटतं एवढ्याची गरज नाही. दुकानदार जसा खप बघून माल भरतो, तसंच हे आहे. खप नसेल तर माल येत नाही.

आता पावडर. मी तिच्या विरोधात नाही. रक्तातली साखर उतरली असेल, वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं असेल, शू कमी झाली असेल, बाळ मलूल असेल, दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेलं असेल, अशा वेळी वरून दूध दिलंच पाहिजे आणि उशीर करू नये. कमी मिळालेल्या दुधामुळे, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, तापाने फणफणलेली आणि कोरडी पडलेली बाळं दाखल होतात. ते बघितल्यावर 'काही झालं तरी अंगावरचंच' असा हट्ट मी कुणाला करायला सांगणार नाही. पण क्रम पाळावा. पहिलं, आईचंच पिळून काढलेलं. दुसरं, जवळ दुग्धपेढी असेल तर तिथलं दान केलेलं दूध. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली. असं दूध प्रामुख्याने कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी राखलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मुलीला ते मिळेलच असं नाही. तिसरी पावडर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.

आणि बाटलीऐवजी बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. तुमच्या सासूबाईंना ते नक्की ठाऊक असेल. घरात चांदीचं असेल तर काढा, नाहीतर वाटी-चमचा घ्या. दर वेळी उकळून. बाळाला उभट धरायचं, कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला आपल्या आपण जीभ पुढे करून घेऊ द्यायचं, घशात ओतायचं नाही. यात बाळ किती घ्यायचं ते स्वतः ठरवतं, आणि बाटलीच्या बुचाची सवय लागून छाती नाकारण्याची भीतीही कमी होते.

हाताने पिळायची पद्धत: हात धुवा, छातीवर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं ठेवा. अंगठा वर आणि बोटं खाली, काळसर भागाच्या जरा बाहेर. आधी फासळ्यांच्या दिशेने आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका, बोंड पिळू नका. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही, आणि बहुतेकजणी तिथेच सोडून देतात. थेंब स्वच्छ चमच्यात झेला. एखादा चमचा निघालं तरी ते वाया नाही, बाळाला द्या. शेवटचा थेंब चिरेवर लावून उघडं वाळू द्या.

एक गोष्ट हक्काने सांगते. दवाखान्यातून कुणी पावडरचा डबा फुकट हातात दिला तर तो कायद्याने गुन्हा आहे. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी बाळाच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात, मोफत नमुने आणि दवाखान्यांतून त्यांचा प्रचार यांवर बंदी घातली आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. समजू शकते, फाटलेलं अंग आणि अपुरी झोप असताना प्रत्येक सल्ला टोचतो. पण बाळ रडताना त्यांनाही बघवलं नसेल. त्यांना काम द्या. रात्री एकच्या आणि चारच्या पाजण्याला बाळ तुमच्यापाशी आणून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलून वहीत लिहिणं. हळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, बाळंतशोप हे सगळं खा, बाळंतिणीला चांगल्या अन्नाची गरज असतेच. फक्त एवढं ध्यानात ठेवा की छाती रिकामी झाली नाही तर कुठल्याही लाडवाने, शतावरीच्या कुठल्याही डब्याने दूध वाढत नाही. पाणी तहान लागेल तेवढं प्या. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं ही समजूत सोडा. बाळाला मात्र पाणी, साखरपाणी, गुटी, मध काहीच नको. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यातही ते पुरतं. मधाने बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध वर्ज्यच.

दुखणं सहन करत पाजू नका. सिझेरियननंतर नेहमी देतात त्यातल्या पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या गोळ्या पाजताना चालतात. डॉक्टरांना विचारून पाजण्याच्या अर्धा तास आधी घेता येतील अशा वेळा ठरवा. वेदना आणि ताण असताना पान्हा फुटायला वेळ लागतो, कारण पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक नीट सुटत नाही. आणि पाचवीला येणाऱ्या पाहुण्यांना यजमानांनी बाहेरच्या खोलीतच थांबवावं. दर अर्ध्या तासाला पदर सावरत बसलं की पाजणं होतंच नाही.

आज-उद्या छाती एकदम भरून दगडासारखी होईल असं धरून चाला. तेव्हा बाळाला पकडायला बोंडच सापडत नाही. बोटांच्या टोकांनी बोंडाभोवतीचा भाग मिनिटभर आत दाबून धरा, मऊ पडला की लावा. पाजल्यानंतर गार पट्टी. थंडी वाजून ताप आला आणि एक जागा लाल, गरम, दुखरी झाली तर डॉक्टरांकडे, पण त्या बाजूचं पाजणं बंद करू नका.

हे सगळं करूनही दूध खरंच कमी पडणाऱ्या बायका असतात. थायरॉइडचा विकार, कधी पीसीओएस (बीजकोशांचा, संप्रेरकं बिघडवणारा विकार), छातीवर झालेली शस्त्रक्रिया, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव अशी कारणं असतात. गरोदरपणात छातीत काहीच फरक पडला नव्हता असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सातव्या दिवसापर्यंत भरून आलं नाही तर तपासणी करून घ्या. अशा वेळी निम्मं अंगावरचं आणि निम्मं वरचं देणाऱ्या आईनेही पुष्कळ दिलेलं असतं. जीभ खाली चिकटलेली असल्याने पकड बसत नाही असंही कधी होतं, ते बालरोगतज्ज्ञ तोंडात बघून सांगतील.

वाट न बघता दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: बाळ उठवूनही उठत नाही किंवा दोन पाजण्या ओळीने घेत नाही, सहा-आठ तास शू नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांत दिसला किंवा आता तळहात-तळपायांपर्यंत उतरलाय, श्वास भरभर चाललाय, हिरवी उलटी झाली.

आता आजच्या रात्रीपुरतं. दर दोन-अडीच तासांनी दोन्ही बाजू, गिळणं थांबलं की छाती दाबून. मग हाताने पिळून निघेल ते बोंडल्याने. हे झाल्यावरही बाळ हात चोखत, तोंड फिरवत शोधत राहिलं तर दहा-पंधरा मिली वरचं दूध, तेही बोंडल्यानेच, आणि सकाळी डॉक्टरांना सांगून. घरी सोडण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना एक पूर्ण पाजणं शेजारी उभं राहून बघायला सांगा. हे मागायला संकोच नको. वजन त्याच काट्यावर, उघड्या अंगाने घ्या. २७०० च्या आसपास थांबलं किंवा वर सरकलं तर वरच्या दुधाची गरज नाही. आणखी उतरलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध चालू आणि दर पाजण्यानंतर पिळणंही चालू. २६१० किंवा खाली गेलं तर घरी जाण्याची घाई करू नका. घरी गेल्यावर तीन दिवसांनी पुन्हा वजन करा. गावात असाल तर आशाताई सातव्या दिवशी काटा घेऊन घरी येतात, त्यांना वही दाखवा. दूध नीट भरून आल्यावर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माचं वजन, एवढी अपेक्षा धरा. उद्याचं वजन, शू-शीचा हिशोब आणि पाजून झाल्यावर उजवं बोंड कसं दिसतं हे कळवा, त्यावरून पुढचं सांगते.